रोज तीन

पेइ-रुंगने दुकानाचं शटर कमरेपर्यंत खाली ओढलं, दिवा मालवला आणि फरशीवर ओणवी होऊन जांभळ्या उजेडाची बॅटरी लावली. उजेडाच्या वर्तुळात आधी धूळ दिसली, मग खिळ्यांच्या रिकाम्या कपाटाचा पाय. मग बाबांच्या खुर्चीवरच्या गादीवर एक पिवळट हिरवा डाग चमकला. त्याच्या शेजारी दुसरा. खुर्चीच्या पायाशी तिसरा, ओघळलेला.

"सापडला का खुनी?" आईने अंधारातून विचारलं.

"ही गादी मी शनिवारी धुतली होती."

"धुतलीस की. दोन तास धूत होतीस, बघितलं मी."

"मग आज गुरुवारी परत?"

"तेच म्हणते मी. आज गुरुवार आहे. तू शनिवारी येतेस."

पेइ-रुंगने दिवा लावला. काउंटरवर बोका बसला होता, शेपटी पायांभोवती गुंडाळून, जणू ही सगळी चौकशी दुसऱ्याच कुणाची चालली आहे. अकरा वर्षांचा, तांबूस, रुंद तोंडाचा. बाबांचं हार्डवेअरचं दुकान चालू होतं तेव्हा तो याच जागी बसून गिऱ्हाइकांकडे बघायचा, म्हणून लोक त्याला लाओबान म्हणायला लागले. लाओबान म्हणजे शेठ. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, दुकान बंद झालं, शेठ तेवढे जागेवर राहिले.

गेले सहा आठवडे शेठ गादीवर शू करत होते.

या सहा आठवड्यांत पेइ-रुंगने त्याच्या शूच्या वाळूचे तीन प्रकार बदलून पाहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक पेटी होती, तिथे दोन केल्या. पाण्याचं भांडं जेवणापासून लांब ठेवलं. खालीही एक पेटी ठेवू या म्हणाली, तेव्हा आईने जेवणाचं टेबल दाखवून विचारलं होतं, "इथे? भाताशेजारी? त्यापेक्षा मलाच वाळूत बसव." रक्त तपासून झालं, लघवी तपासून झाली, पोटाची सोनोग्राफी झाली. त्या वेळी शेठने तिच्या मनगटावर दिलेला ओरखडा अजून पुरता भरला नव्हता. आज सकाळी शेवटचा अहवाल आला आणि डॉक्टर फांग फोनवर म्हणाल्या, "मांजर ठणठणीत आहे. आता घर तपासा." पेइ-रुंगने प्रयोगशाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि न कळवता ताइचुंगहून गाडी पकडली.

"त्यांनी एक कागद पाठवलाय," ती म्हणाली. "दुखणं ओळखण्याचा. मांजर दुखणं सांगत नाही, लपवतं. मी विचारते, तू विचार करून उत्तर दे."

आई बुटक्या स्टुलावर बसून शेंगांच्या शिरा काढत होती. "विचार."

"उंच जागी चढायचं टाळतो का?"

"नाही."

"जिना चढताना मध्येच थांबतो?"

"नाही."

"झोपायची जागा बदललीय?"

"नाही."

"आई, मी प्रश्न पुरा करायच्या आत उत्तर देऊ नकोस."

"मग सोपे प्रश्न विचारू नकोस. म्हातारा झालाय तो. औषध द्या म्हणावं काहीतरी."

शेठ उठला, अंग ताणलं आणि काउंटरवरून एका उडीत कपाटाच्या माथ्यावर गेला. दीड मीटर. पेइ-रुंगने कागदावर पहिल्या प्रश्नापुढे फुली मारली आणि ती मारताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

दुसरी पेन्सिल शोधायला ती काउंटरमागे गेली. तिथे घडी केलेली काळी रजई होती आणि उशी.

"ही इथे कशाला?"

"शेठ झोपतो त्यावर."

रजईवर एकही तांबूस केस नव्हता. पेइ-रुंगला ते दिसलं, पण ती पेन्सिल शोधत होती.

पेन्सिल फ्रिजवरच्या तक्त्याला दोऱ्याने बांधलेली होती. तक्ता तिनेच आखून दिला होता: रोज वाळूत लघवीचे किती गोळे निघाले, आणि रोज बाहेर किती वेळा झालं. आईने न चुकता भरला होता. बाहेरच्या रकान्यातल्या फुल्या तिला गाडीत बसल्यापासून छळत होत्या, कारण त्यांना एक क्रम होता. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शनिवार ते मंगळवार एकदाही नाही. आधी तिला वाटलं, कचऱ्याची गाडी. गाडीच्या भोंग्याचं गाणं लागलं की शेठ कपाटामागे जातो हे खरं होतं. पण बुधवारी गाडी येतच नाही, आणि सोमवारी येते तेव्हा गादी कोरडी असते. मधल्या तीन दिवसांत या घरात वेगळं काय घडतं? मांजराला वार कळत नाहीत.

आता ती पहिल्यांदाच दुसरा रकाना वाचत होती. गोळे. तीन. तीन. तीन. तीन. पहिल्या आठवड्यात एक दोन होता, एक चार होता. त्यानंतर सलग तीन.

तिच्या प्रयोगशाळेत शहराच्या पाण्याचे नमुने येत. एका सहकाऱ्याने महिनाभर एका टाकीवर न जाताच क्लोरीनचे आकडे लिहिले होते. तिनेच ते पकडलं होतं. आकडे चुकीचे नव्हते, फार बरोबर होते. पाणी रोज सारखं नसतं.

"रोज तीनच?"

"शिस्तीचा आहे. बाबांवर गेलाय तुझ्या."

"ज्या दिवशी गादीवर करतो, त्या दिवशीही वाळूत तीन?"

"पाणी जास्त पितो त्या दिवशी."

पेइ-रुंगने बोट खाली सरकवलं. गुरुवारी तीन. शुक्रवारीही तीन. शुक्रवार उद्या होता.

ती तक्ता सोडून जिन्याकडे वळली.

"वर कशाला?" स्टुलाचा आवाज झाला, पण आई उठली नाही. "आत्ताच जाऊन आले मी. फरशी पुसलीय. घसरून पडशील आणि मग म्हणशील आईने पाडलं."

"वाळू बघून येते."

"चहा तरी घे आधी. एवढ्या लांबून आलीस. पेइ-रुंग!"

जिन्याच्या पहिल्या पायरीवर राखेचा बारीक सडा होता आणि कोपऱ्यात तांदूळ भरलेला एक पेला. आल्या आल्याच तिने ती राख पाहिली होती आणि आई जळती उदबत्ती घेऊन जिना चढते म्हणून तिच्या कपाळावर आठी आली होती. तिने पेला ओलांडला.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर प्लास्टिकचं स्टूल होतं. ते शनिवारीही असायचं, त्यावर जेडची कुंडी असायची. आज कुंडी जमिनीवर होती. स्टुलावर गुडघ्याला चिकटवायच्या पट्टीचा कागद होता, चार घड्या घातलेला.

तिसऱ्या मजल्यावर देवघर. देवांच्या डोक्यावर कुणी चालू नये म्हणून ते सगळ्यांत वर. लाल विजेचे दिवे नेहमीसारखे जळत होते. चहाचे तीन पेले कोरडे पडले होते, तळाशी तपकिरी कडी. पेरूंच्या साली आक्रसल्या होत्या. तिने धूपपात्रावर हात धरला. गार. राखेवर कोळ्याचा एक धागा होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत, न तुटलेला.

आई लग्न होऊन या घरात आली त्याला एकावन्न वर्षं झाली. सकाळ-संध्याकाळची उदबत्ती तिने चुकवल्याचं पेइ-रुंगला आठवत नव्हतं. मागच्या नववर्षाच्या जेवणाला भावाने, मिंग-छुआनने, पुन्हा विषय काढला होता: ताइपेईला चल, लिफ्ट आहे, अकराव्या मजल्यावर वारा छान येतो. आईने वाडगं खाली ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "ज्या दिवशी वरच्या देवांना उदबत्ती लावायला माझे पाय चढणार नाहीत, त्या दिवशी घराला कुलूप लाव आणि ने मला. तोवर नाव काढू नकोस." तेव्हापासून भाऊ दर रविवारी फोन करून एकच विचारायचा: आई वर जाते ना? आणि पेइ-रुंग सांगायची: जाते. शनिवारी देवघरात ताजी फळं असत. धूपपात्रात ताजी राख असे. वाळू स्वच्छ असे.

गॅलरीत ती दोन्ही पेट्यांसमोर उकिडवी बसली. झाऱ्याने गोळे काढून मोजले. पहिल्या पेटीत आठ, दुसरीत सहा. शनिवारी सकाळपासून चौदा. बुधवारपर्यंत पाय ठेवायला कोरडी जागा उरत नव्हती. शेठ तीन मजले चढून येत होता, बघत होता आणि परत खाली जात होता. सहा आठवडे तिने त्याला सुया टोचवल्या होत्या.

आणि आईने टोचू दिल्या होत्या. पेइ-रुंगने झारा जोरात पेटीच्या कडेवर आपटला. वाळू उडाली. आई दर शुक्रवारी एकदा चढत असणार, त्या स्टुलावर बसत बसत. एकदाच, मुलीच्या तपासणीसाठी.

खालून उदबत्तीचा वास आला.

ती कठड्याशी जाऊन जिन्याच्या पोकळीतून वाकली. तळाशी आई उभी होती. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्यात तीन उदबत्त्या कपाळापर्यंत उचललेल्या, तोंड वर. डोळे मिटलेले, म्हणून तिला पेइ-रुंग दिसली नाही.

"आजही इथूनच," आई हळू आवाजात सांगत होती, पण जिन्यातून आवाज वर चढत होता. "गुडघ्यांचं तुम्हाला माहीतच आहे. उद्या येते, शुक्रवार आहे. पोरगी वर आलीय. तिला काही दाखवू नका." थोडी थांबली. "आणि अहो, तुमच्या बोक्यावर आळ आलाय माझ्यामुळे. त्याला समजावा जरा. तुमचंच ऐकतो तो."

मग तिने कमरेतून तीनदा वाकून नमस्कार केला. तिसऱ्या वेळी सरळ व्हायला तिला वेळ लागला. उदबत्त्या तिने तांदळाच्या पेल्यात खोचल्या.

पेइ-रुंग देवघरात परत आली. आधी कोळ्याचा धागा पुसला. पेले धुतले, चहा नव्हता म्हणून साधं पाणी भरलं. मग धूपपात्राशेजारचे देवाला कौल लावायचे दोन लाकडी तुकडे हातात घेतले. अर्धचंद्रासारखे, लाल रंग उडालेले, एक बाजू सपाट, एक फुगीर. तिने आयुष्यात कधी कौल लावला नव्हता. एक उताणा आणि एक पालथा पडला तर होकार. शक्यता निम्मी. मोठ्या गोष्टीसाठी सलग तीन होकार लागतात. शक्यता आठात एक. हे ती अकराव्या वर्षी बाबांना म्हणाली होती आणि बाबा खूप हसले होते.

"खाली याल का?" तिने विचारलं. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही.

तुकडे फरशीवर पडले. दोन्ही उताणे. देव हसतात.

पुन्हा. दोन्ही पालथे. नकार.

पुन्हा. एक उताणा, एक पालथा.

ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तुकडे उचलून खिशात घातले आणि वाळूची एक पेटी रिकामी करून, कडेवर धरून, खाली उतरली.

आई पुन्हा स्टुलावर होती. शेंगा वेगात मोडत होती, शिरांसकट.

"घसरली नाहीस ना?"

"फरशी कोरडी होती."

आईने एक शेंग मोडली. पेइ-रुंगने पेटी कपाट आणि भिंतीच्या मधल्या जागेत सरकवली, जेवणाच्या टेबलापासून सगळ्यांत लांब, आणि नवी वाळू ओतली. शेठ कपाटावरून उतरला, पेटीच्या कडेवर नाक टेकवलं, आत गेला, पाठ फिरवून बसला. दोघी त्याच्या उकरण्याचा आवाज ऐकत राहिल्या.

"उद्या सकाळी दवाखान्यात जायचंय," पेइ-रुंग म्हणाली. "मी इथेच राहते आज."

"परत? सोडा रे त्या बिचाऱ्याला आता."

"शेठला काही झालेलं नाही, आई."

शेंगांच्या टोपलीत आईचे हात थांबले. तिने मान वर केली नाही. "मिंग-छुआनला फोन केलास?"

"नाही."

"करणार आहेस."

पेइ-रुंगने खिशातून कौलाचे तुकडे काढून काउंटरवर ठेवले. आईने त्यांच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"तू कौल लावलास?"

"खाली याल का, म्हणून विचारलं. इथे, बाबांच्या काउंटरवर."

"देवांच्या डोक्यावर माणसं चालतील. शोभतं का?"

"वरच्या मजल्यांना कुलूप लावू. कोण चालणार?"

उदबत्तीचा धूर जिन्याच्या पोकळीतून सरळ वर जात होता. आईने तो जाताना बघितला आणि विचारलं, "होकार किती मिळाले?"

पेइ-रुंगने फ्रिजवरच्या तक्त्याकडे बघितलं.

"तीन," ती म्हणाली.

"सलग?"

"सलग."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

आईने तिच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, जसं बाजारात माशाच्या डोळ्यांत बघतात तसं. मग टोपली बाजूला ठेवली, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबले आणि पहिल्यांदाच, न लपवता, कण्हत उठली.

"शिस्तीचे आहेत हो," ती म्हणाली. "फडकं ओलं करून घे. काउंटरवर सगळे केस आहेत त्याचे."