माझ्या तोंडातला बोळा

मित्रांनो, मी एक जुना इंटरकूलर आहे आणि हल्ली माझे वजन सोडून कुणी माझी काही चौकशी करत नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेही नसेल. टर्बो असलेल्या गाडीत पुढच्या बंपरमागे माझी जागा असते. टर्बो इंजिनासाठी हवा दाबून पाठवतो. दाबली की हवा तापते, आणि तापलेली हवा इंजिनाला मानवत नाही. म्हणून ती आधी माझ्याकडे येते. एका तोंडाने ती आत घ्यायची, पातळ पत्र्यांच्या जाळीतून फिरवून थंड करायची आणि दुसऱ्या तोंडाने पुढे सोडायची, एवढेच माझे काम. ऐकायला किरकोळ वाटते, पण मी नसलो की चढावर गाडीला कशी धाप लागते ते एखाद्या ड्रायव्हरला विचारा.

माझ्या पहिल्या गाडीत मी नऊ वर्षे काढली. दगड, धूळ, किडे सगळे तोंडावर झेलले. एक दिवस मागून ट्रकने धडक दिली. गाडीचा मागचा भाग चेपून गेला, पुढे मला ओरखडासुद्धा आला नाही. तरी गाडीबरोबर माझीही रवानगी भंगारात झाली. तिथे दोन वर्षे एका फुटक्या दरवाजाखाली पडून होतो.

मग वेल्डरदादा आले. ते आणि त्यांचा मावसभाऊ, म्हणजे मिस्त्री, मिळून एक गॅरेज चालवत. एका शिक्षिकाबाईंच्या गाडीचा इंटरकूलर दगड लागून फुटला होता. बाई रोज आणखी तिघींना घेऊन डोंगरावरच्या शाळेत जात. नवा यायला महिना लागणार होता. दादांनी मला उचलले, एका तोंडावर तळवा दाबला, दुसऱ्यातून फुंकर मारली आणि म्हणाले, "हा चालेल. अंगाने खणखणीत आहे." दोन वर्षांत माझ्याविषयी कुणी काढलेला तो पहिला चांगला शब्द. मी तिथेच त्यांचा झालो.

त्यांनी मला दोनदा पेट्रोलने आतून धुतले, उन्हात वाळवले. हवा भरून पाण्याच्या टबात बुडवले, एक बुडबुडा आला नाही. वाकलेल्या पात्या चिमट्याने एकेक करून सरळ केल्या. बोल्ट घालून मला बसवायचे माझे कान त्या गाडीच्या भोकांना जुळेनात, तर दोन नव्या पट्ट्या बनवून त्या वेल्ड केल्या. बाई जरा साशंक होत्या. दादा म्हणाले, "बाई, जबाबदारी माझी."

पाइप जोडायचे काम मिस्त्रीचे. जोडणी होईपर्यंत आत माती किंवा नट पडू नये म्हणून माझ्या दोन्ही तोंडांत चिंधीचे बोळे कोंबतात. त्या गॅरेजचा नियम असा, की बोळा ज्याने घातला त्यानेच काढायचा आणि दोन्ही बोळे बॉनेटवर मांडून मगच पाइप चढवायचा. मिस्त्रीने आपला जुना निळा शर्ट फाडून बोळे केले होते. डावा काढला. उजवा त्याने अंगठ्याने इतका आत ढकलला होता की तो वरून दिसत नव्हता. तेवढ्यात शेजारचा दुकानदार मॅचचा स्कोअर सांगायला आला. मिस्त्रीने बोलता बोलता पाइप चढवला आणि क्लॅम्प आवळला. मी ओरडणार कसा? तोंडात बोळा!

गॅरेजभोवतीच्या सपाट रस्त्यावर गाडी नीट पळाली. दुसऱ्या दिवशी डोंगराच्या तिसऱ्या वळणावर मात्र काळ्या धुराचे लोट निघाले आणि गाडी जागची हलेना. चौघी शिक्षिका परीक्षेचे पेपर डोक्यावर धरून उन्हातून चालत वर गेल्या.

गाडी ओढून परत आणली. दादा फाटकाशी बाईंची समजूत काढत होते तेव्हा मिस्त्रीने पाइप सोडला, दोन बोटे घातली आणि बोळा बाहेर काढला. मला हायसे वाटले. आता होईल उलगडा, असे वाटले. मिस्त्रीने बोळ्याकडे पाहिले, फाटकाकडे पाहिले, आणि तो खिशात कोंबला.

"दादा, तुझा माल आतून चोंदलेला निघाला रे!"

"अरे, मी दोनदा धुतला होता."

"धुतलास, पण भंगारातली घाण सगळी निघते होय?"

बाई दादांकडे वळल्या. "तुम्ही जबाबदारी घेतली होती ना?"

"हो बाई. चुकलंच माझं."

मित्रांनो, केसाने गळा कापणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. स्वतःच्या चुकीचे खापर मिस्त्रीने माझ्या आणि सख्ख्यासारख्या भावाच्या माथी फोडले, आणि वर हात पुसून चहा प्यायला.

महिन्याने नवा इंटरकूलर बसला. तेव्हा बाई म्हणाल्या, "तो जुना मला द्या. दुसऱ्या गॅरेजात दाखवते. मला कळू तरी द्या काय झालं होतं. उद्या चारला येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी मला बाकाखालून काढले आणि माझ्यातून पाणी ओतले. पाणी दुसऱ्या तोंडाने धो धो बाहेर आले. मग त्यांनी चिमट्याने माझ्या जाळीतून एक निळा धागा ओढून काढला. मिस्त्रीच्या फाडलेल्या शर्टाचा रंग त्यांनी ओळखला. समोर मिस्त्री उभा होता. त्याची मान खाली गेली.

"दादा, बाईंना कळलं तर आपल्याकडे कुत्रंसुद्धा फिरकणार नाही."

"त्याच दिवशी बोलला असतास तर दोघं मिळून हसलो असतो रे."

एवढे बोलून दादांनी मला फडक्याने स्वच्छ पुसले, बाकावर आडवे ठेवले आणि हातोडा घेतला. पहिला घाव बसेपर्यंत मला खरे वाटत नव्हते. सरळ केलेल्या सगळ्या पात्या त्यांनी त्याच हातांनी चेपल्या, दोन्ही तोंडे चपटी केली. चारला बाई आल्या. दादांनी मला उचलून दाखवले. "बघा बाई, आतून पार कामातून गेला होता. फोडून बघितला. माझीच पारख चुकली." बाई मला तिथेच ठेवून निघून गेल्या. तेव्हापासून कुणी दादांना जुना माल निवडायला सांगत नाही.

मित्रांनो, यंत्रांना तेलपाणी करा, धूळ पुसा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझे मागणे वेगळे आहे. हातून चूक झाली तर ती तिथल्या तिथे सांगा. आणि आपल्या माणसाला वाचवायचे असेल तर जरूर वाचवा, पण त्यासाठी ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावर हात उचलू नका. मिस्त्रीचा मला राग येतो, तो मी करून मोकळा होतो. दादांचा राग करायला मात्र अजून जमलेले नाही.