मापात बसलेला हातमोजा

माझा दादा घड्याळजी. एकेचाळीस वर्षं एका खिडकीपाशी, एका स्टुलावर बसून त्याने लोकांची घड्याळं उघडली आणि मिटली. यंदा थंडी पडायच्या आधीच त्याने दुकान बंद केलं आणि घरी येऊन जाहीर केलं की गुडघे दुखतात. घड्याळं गुडघ्यांनी दुरुस्त करतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

खरं कारण त्याचा उजवा हात. तो कापायला लागला होता. हे मला ठाऊक होतं, पण मला ठाऊक आहे हे दादाला ठाऊक नव्हतं. तो हात दिवसभर खिशात असायचा. जेवताना दादा चमचा डाव्या हातात धरायचा आणि म्हणायचा, मेंदूला व्यायाम होतो. मग अर्धी आमटी मेंदूच्या व्यायामापायी सदऱ्यावर सांडायची आणि आम्ही दोघंही ती बघितलीच नाही असं दाखवायचो.

मी तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. घरात मला अजून 'शिट्टी' म्हणतात आणि त्यात काही खोटं नाही. रडणारं, रुसलेलं, कुठलंही पोर मैदानाला दोन फेऱ्या मारल्या की ताळ्यावर येतं, अशी माझी समजूत. वहिनी गेल्यापासून आम्ही बहीणभाऊ एकत्र राहतो, त्यामुळे या समजुतीचा सगळा मारा दादावरच होतो. पण या हिवाळ्यात तो ताळ्यावर येईना. संध्याकाळी सहालाच अंधारून यायचं, तो घोंगडी पांघरून खिडकीशी बसायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघायचा. एकदा मी विचारलं, काय बघतोस? तो म्हणाला, काही नाही. ते अगदी खरं होतं, आणि मला फार भीती वाटली.

डॉक्टरांनी सांगितलं, औषध चालू ठेवा, पण त्यांना रोज थोडं बाहेर काढा आणि हाताला काहीतरी काम द्या. बाहेर काढणं माझ्या हातचा मळ आहे असं मला वाटलं होतं. पहिल्या दिवशी औषधांच्या दुकानापर्यंत गेलो. तिथलं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे. दादा आत शिरला आणि त्याने मालकाला तसं सांगितलं. मालक म्हणाला की दुकान वेळेवर बंद व्हावं म्हणून ते मुद्दाम पुढे ठेवलंय. दादा घरी येऊन जो झोपला तो दुसऱ्या दिवशी उठला. नंतर पुलावर गेलो. पुलावरून शाळेचं घड्याळ दिसतं, ते दोन वर्षांपासून बंद. बेकरीत गेलो, तर तिथल्या घड्याळावरचा तीनचा आकडाच गळून पडलेला. शेवटी मी घरी बसून कागदावर आमच्या भागाचा नकाशा काढला आणि घड्याळ असलेली प्रत्येक जागा त्यावरून खोडली. उरलं एकच ठिकाण, वाचनालयामागचं तळं.

तळ्यात बदकं होती. दादा बाकावर बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला की ते करडं बदक एकोणीस सेकंद बुडी मारतं आणि त्याच्या शेजारचं तेराच, त्याचं सर्व्हिसिंग करायला हवं. औषधांच्या दुकानानंतर तीन आठवड्यांत त्याने बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. त्या बदकाला मी मनातल्या मनात शंभर आशीर्वाद दिले.

एका गुरुवारी तळ्यावर असताना गारठ्याचा पाऊस आला म्हणून आम्ही वाचनालयात शिरलो. वरच्या मजल्यावर विणकामाचा वर्ग चालू होता. शिकवणाऱ्या बाई आधी दातांच्या दवाखान्यात होत्या. अजूनही कुणाची वीण उसवायची असेल तर त्या आधी म्हणतात, थोडंसं दुखेल हं. आठ-दहा बायका होत्या आणि एक चांगला हीटर होता. दादा हीटरसाठी बसला आणि मग दर गुरुवारी बसायला लागला. वर्गात तो नुसता बघायचा, हात खिशात. पण एकदा निघताना त्याने बाईंकडून सुया आणि निळ्या लोकरीचा गुंडा मागून घेतला.

घरी तो खोलीचं दार लावून विणायचा. आतून सुयांची टकटक यायची, मधूनच सुई पडल्याचा आवाज, मग एक शिवी, मग पुन्हा टकटक. मी दाराला कान लावून उभी राहायचे. पासष्टीच्या बाईला हे शोभत नाही, पण राहायचे. एकदा फटीतून पाहिलं, तर दादा डोळ्याला भिंग लावून स्वतःच्या करंगळीचा घेर घड्याळाचे सुटे भाग मोजायच्या कॅलिपरने मोजत होता.

माझं चुकलं ते इथेच. मला थोडंफार विणता येतं. लोकरीच्या कामात अंगापेक्षा बोटभर ढील ठेवावी लागते, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. पण ज्याने आयुष्यभर ढिल्या चाकांवरून लोकांना बोल लावले, त्याला ढील ठेव म्हणायची माझी छाती झाली नाही.

पाच आठवड्यांनी, गुरुवारी, दादा दाढी करून तयार झाला. तळ्यावर तो माझ्यापुढे चालत होता. वर्गात चहा आला तेव्हा त्याने कप नको म्हटलं, बिस्किटही नको. कपाळावर घाम. मी विचारलं, बरं नाही का? तो म्हणाला, उत्तम आहे. मग खालच्या आवाजात म्हणाला, "शिट्टी, बोटं जाणवत नाहीत."

मी त्याचा उजवा हात खिशातून ओढून काढला. हातमोजा निळा होता, बोटांच्या टोकांशी उघडा, आणि त्यातून दिसणारी नखंही निळी पडत चालली होती. मापात असा बसला होता की हातावर रंग दिल्यासारखा वाटावा. सगळ्या बायका गोळा झाल्या. एकीने ओढून पाहिला. दुसरीने साबणाचं पाणी आणलं, तर ओली लोकर आणखीच आवळली. बाईंनी कात्री घेतली, थोडंसं दुखेल हं म्हणाल्या, आणि थांबल्या.

"हात स्थिर ठेवा ना जरा."

हात टेबलावर होता आणि टेबलावरच्या सुया बारीक वाजत होत्या. मला वाटलं, आता तो उठून जाणार, आणि पुन्हा खिडकीशी बसणार, आणि मग त्याला बाहेर काढायला माझ्याकडे काही उरणार नाही.

"राहत नाही तो स्थिर," दादा म्हणाला. "वर्ष होत आलं. दुकान त्यापायीच बंद केलं."

बाईंनी कात्री खाली ठेवली. म्हणाल्या, अशा हाताने इतकी घट्ट वीण त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, आणि ही कापायची म्हणजे पाप आहे. मग दादाच बोलायला लागला. अंगठा शेवटी केलाय, तर आधी तो उसवायचा, मग करंगळी, मग एकेक बोट. गाठ कुठे लपवलीय ते त्याने सांगितलं. एकीने धागा ओढायला घेतला, दुसरी गुंडाळायला बसली, आणि घड्याळ उघडावं तसा तो हातमोजा क्रमाने उघडत गेला. बोटं बाहेर आली, तळवा बाहेर आला. पाच आठवड्यांच्या कामाचा पाव तासात गुंडा झाला. हात टेबलावर सगळ्यांसमोर कापत राहिला, आणि दादाने तो उचलला नाही. त्याने चहा मागितला, दोन्ही हातांनी कप धरला, थोडा सांडला, आणि एकीने बोलता बोलता फडक्याने टेबल पुसलं.

घरी जाताना दादा म्हणाला, "तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

मी बाही वर करून मनगट पुढे केलं. वसंतात त्याने मला हे घड्याळ दुरुस्त करून दिलं होतं. "रोज अकरा मिनिटं मागे पडतं. रोज सकाळी तू उठायच्या आधी लावते."

तो रस्त्यातच थांबला. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू त्याच दिवशी दुकान बंद केलं असतंस."

दादा हसायला लागला. इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं, आणि डोळे पुसताना त्याने ते हसण्यामुळेच पुसले असं मी धरून चालले. मग त्याने माझं मनगट हातात घेतलं आणि पट्टा सोडायला लागला. बोटं घसरत होती. तीनदा निसटला, चौथ्यांदा निघाला. गारठ्याने माझे पाय दगड झाले होते, पण मी मदत केली नाही.

"उद्या उघडून बघतो," तो म्हणाला. "हात हलेल माझा. तू धरशील ना?"

एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता. या वेळी नुसती मान डोलावली.