घरपोच प्रयोगशाळा

सुनेचा फोन नळाशेजारी साबणाच्या डबीला टेकून उभा असायचा. रसायनशास्त्राचा तास सुरू झाला की कॅमेरा बंद, माइक बंद, नळ चालू. लग्न ठरताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "शिकू दे की! आम्ही काय जुन्या वळणाचे नाही." शब्द त्यांनी पाळला, फक्त कॉलेज ओट्यावर आणलं.

"वहिनी, तुझे सर भांडी विसळायला तरी येतात का गं?" धाकटी नणंद जाता-येता चिडवायची.

शनिवार मात्र सुनेचा होता. प्रात्यक्षिकाला हजेरी सक्तीची, त्यामुळे सासूबाईंचा नाइलाज. प्रयोगशाळेत ती ब्युरेटच्या काचनळीची तोटी चिमटीत धरून आम्लात थेंब थेंब अल्कली सोडायची. एका थेंबासरशी द्रावण फिकट गुलाबी व्हायचं, आणि तोवर कुणी तिला हाक मारायचं नाही.

एका शनिवारी प्राध्यापिका आनंदाने म्हणाल्या, "पुढच्या सत्रापासून प्रात्यक्षिकंही ऑनलाइन! तुमची पायपीट वाचली."

सगळ्या गेल्यावर ती मागे थांबली. "बाई, यावंच लागतं असं घरी कळवा ना."

"खोटं कसं कळवू? तुला हवं तर ये की. ऐच्छिक आहे."

त्या घरात तिच्या इच्छेला कोण विचारत होतं?

विद्यापीठाचा निरोप नवऱ्याच्या फोनवर आला. त्याने तो जेवताना मोठ्याने वाचला.

"आयतीच सोय झाली," सासूबाई म्हणाल्या.

"आई, हाताने केल्याशिवाय येत नाही ते," सून म्हणाली.

"हाताला घरात काय कमी काम आहे?"

पडद्यावर आता कुणाचा तरी हातमोजा तोटी फिरवायचा. "दूध बघ गं!" अशी हाक यायची, ती परतेपर्यंत द्रावण गुलाबी होऊन गेलेलं असायचं. परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची. ती पहिल्या वर्गात पास झाली आणि पदवी चौकटीत बसून दिवाणखान्यात लागली.

त्याच वर्षी नणंदेने वसतिगृहाचा विषय काढला.

"घर कशाला सोडायचं?" सासरे म्हणाले. "वहिनीला जमलं, तुला का नाही?"

नणंद तिच्याकडे वळली. "वहिनी, सांग ना गं यांना."

सुनेने खोचलेल्या पदराला हात पुसले. "बाबा, मला काही येत नाही. ब्युरेट हातात धरून दोन वर्षं झाली. हिला जाऊ द्या."

सासरे कौतुकाने हसले. "पहिला वर्ग, आणि म्हणे काही येत नाही! बघ पोरी, विनय शिक हिच्याकडून."

सोय नेमकी कुणाची झाली, हे विद्यापीठाने विचारलं नाही. आपण तरी आपल्या घरात विचारलंय का?

साबणाच्या डबीला आता दोन फोन टेकलेले असतात. नणंद हल्ली चिडवत नाही.