पहिला चमचा

आर्डिसने लाकडी चमचा उचलून धरला आणि त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. बोटाची रेघ तशीच राहिली, मिटली नाही. म्हणजे सॅलडवर घालायचं ड्रेसिंग झालं. उकळत्या पाण्यावरचं भांडं तिने घाईने खाली उतरवलं, कारण अर्धं मिनिट जरी जास्त झालं तरी अंड्यांच्या गुठळ्या होतात आणि मग सगळंच फेकावं लागतं. बलक, व्हिनेगर, साखर, मोहरीची पूड, शेवटी लोण्याचा गोळा. गार झालं की त्यात घट्ट साय घोटायची. आता उत्तर आयोवात हे ड्रेसिंग कुणी करत नाही. बाटली उघडायला काय लागतं? पण आर्डिसच्या फ्रिजमध्ये विकतची बाटली आजवर आलेली नव्हती, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती येण्याची काही शक्यताही नव्हती.

फोन वाजला. अ‍ॅरिझोनाहून क्रेगचा.

"आई, काय चाललंय?"

"ड्रेसिंग. उद्या चर्चमध्ये कापणीचं जेवण आहे."

"अजून तेच थरांचं सॅलड?"

"अजून तेच."

तो हसला. मग घसा खाकरला. त्याच्या बापाचीही हीच सवय होती, मुद्द्याचं बोलायच्या आधी.

"इथली तुझी खोली रंगवून झाली. लिंडा म्हणते, पडदे आईंनाच निवडू दे. आणि तुझं तिथलं घर विकत घ्यायला तयार झालेलं जोडपं आहे ना, त्यांना सोमवारी उत्तर द्यायचंय. उद्या संध्याकाळी मला हो किंवा नाही सांग. नुसतं 'बघू' म्हणू नकोस."

"सांगते."

"मी जबरदस्ती करत नाही, आई. पण बाबा गेल्यापासून तिथे आता तुझं आहे कोण?"

आर्डिसने खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे व्हर्जिलचं कापणीयंत्र मक्याच्या शेतात धूळ उडवत चाललं होतं. मार्चमध्ये ओरिन गेला तेव्हा याच व्हर्जिलने सहा आठवडे तिच्या दारातला बर्फ काढला होता आणि एकदाही दार वाजवलं नव्हतं. आमच्याकडची माणसं अशीच. तुमच्यासाठी डोंगर हलवतील, पण कशी आहेस म्हणून विचारताना त्यांच्या घशात अडकतं.

"उद्या सांगते," ती पुन्हा म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती थर लावायला बसली. काचेचा मोठा वाडगा, लग्नात आलेला. तळाशी लेट्युस, तिच्यावर सेलरी, कांदा, मटार. उकडलेल्या अंड्यांच्या चकत्या काचेला आतून टेकवून उभ्या, म्हणजे बाहेरून त्यांची रांग दिसते. त्यावर बेकनचा चुरा, किसलेलं चीज. सगळ्यांवर ड्रेसिंग, आणि ते थेट काचेच्या कडेपर्यंत न्यायचं. कुठे फट राहिली की आत हवा शिरते आणि सकाळपर्यंत लेट्युस मान टाकते. ते नीट लिंपून झाल्यावर तिने बारीक केलेल्या बलकाने आणि पार्सलीच्या काड्यांनी वर गव्हाची एक ओंबी काढली. दरवर्षी काढायची तशीच.

ओंबीचा शेवटचा दाणा ठेवताना तिने मनाशी ठरवून टाकलं. क्रेगच्या प्रश्नाचं उत्तर हा वाडगाच देईल. रिकामा झाला तर राहायचं. भरलेला परत आला तर जायचं. असा कौल लावून घर सोडणं हा निव्वळ पोरकटपणा होता, हे तिला कळत होतं. पण स्वतःहून ठरवायचं बळही तिच्यात उरलं नव्हतं.

वाडगा फ्रिजमध्ये ठेवण्याआधी तिने उचलून तळ पाहिला. तिथे चिकटपट्टीवर शाईने लिहिलेलं होतं: ओरिन आणि आर्डिस हाउगन. पट्टीची कडा सुटायला लागली होती. तिने ती अंगठ्याने दाबली.

रविवारी पाद्रीबाईंनी पेरल्याप्रमाणे उगवतं हे सांगितलं. कापणीच्या रविवारी दुसरं काय सांगणार! मग सगळे चर्चच्या तळघरात उतरले. आर्डिसने वाडगा स्वयंपाकघराच्या दारात जनेलच्या हाती दिला. जनेल ब्रेक्के पंचेचाळिशीची, आता स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. त्याआधी तीस वर्षं ते आर्डिसच्या ताब्यात होतं, आणि काम जनेलला तिनेच शिकवलं होतं. कॉफी किती घालायची, सुऱ्या कुठे लपवायच्या, आणि सगळ्यांत मोठा नियम: इथून कुणाचंही भांडं भरलेलं घरी जाता कामा नये.

तो नियम मिसेस लोकेनमुळे झाला. हुल्डा लोकेन ही नव्वदीला टेकलेली विधवा, दरवर्षी बीट आणि खारवलेल्या हेरिंग माशाचं सॅलड आणायची, व्हिनेगर हात सैल सोडून ओतलेलं. कुत्रंसुद्धा तोंड लावणार नाही. पहिल्या वर्षी भरलेलं भांडं छातीशी धरून म्हातारी जिना चढताना आर्डिसने पाहिली आणि तिला भडभडून आलं. पुढच्या वर्षी आर्डिसने सगळं डुकरांसाठी ठेवलेल्या उष्ट्याच्या बादलीत खरवडलं, भांडं धुतलं, कोरडं केलं, आणि बाहेर जाऊन हसतमुखाने सांगितलं, "मिसेस लोकेन, एक घास उरला नाही. लोकांनी चाटूनपुसून खाल्लं."

म्हातारीने आधी भांड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग पुढच्या वर्षी जरा जास्तच करते, पोरी," ती म्हणाली.

आणि खरंच जास्त केलं! त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून जास्त! नऊ वर्षं हे चाललं. दरवेळी तेच वाक्य, दरवेळी तेच उत्तर, आणि स्वयंपाकघरातल्या बाया तोंडात फडकी कोंबून हसायच्या. आर्डिसही हसायची. हा किस्सा तिने जनेलला किती वेळा सांगितला असेल, त्याची गणतीच नव्हती.

"यंदाही ओंबी काढलीत?" जनेल वाडग्यात डोकावत म्हणाली. "किती सुंदर! मी मधोमध ठेवते, सगळ्यांना दिसेल अशी."

लांब टेबलावर सॅलडांची रांग लागली होती. गाजर घातलेली हिरवी जेली, दुकानातून डब्यासकट आलेलं बटाट्याचं सॅलड, मॅकरोनीचं, आणि सफरचंदात चॉकलेटचे तुकडे नि फेटलेली साय घातलेलं एक. त्यालाही आमच्याकडे सॅलडच म्हणतात आणि कुणाला लाज वाटत नाही. या सगळ्यांच्या मधोमध आर्डिसचा काचेचा वाडगा. त्याच्यासमोर मोठा चमचा उपडा ठेवलेला.

प्रार्थना झाली. रांग टेबलाच्या दोन्ही बाजूंनी सरकू लागली. आर्डिस मागे राहिली. तिथून तिला वाडगा नीट दिसत होता.

पहिल्याने जेली घेतली. दुसऱ्याने जेली आणि मॅकरोनी. एक बाई वाडग्यापाशी थांबली, वाकून ओंबी पाहिली, मागच्या बाईला दाखवली. दोघींनी माना डोलावल्या आणि दोघी पुढे गेल्या.

आमच्या गावात माणूस उपाशी राहील, पण कुणी हात न लावलेल्या भांड्यात पहिला चमचा घालणार नाही. शेवटचा घासही घेणार नाही, तो तसाच कोपऱ्यात वाळत पडतो. पण शेवटच्या घासाचं एक वेळ चालतं. पहिला घास कुणी घेतला नाही तर पुढचे कुठून येणार?

पहिला घास ओरिन घ्यायचा. एकेचाळीस वर्षं. "सरका बाजूला, भूक लागलीय मला," असं ओरडत तो रांगेत पुढे घुसायचा आणि चमचा थेट तळापर्यंत खुपसायचा. ओंबी मधोमध मोडायची, सातही थर त्याच्या ताटात कोसळायचे. लोक हसायचे आणि मग प्रत्येकजण घ्यायचा. घरी जाताना गाडीत ती त्याच्यावर तोंड सोडायची. "तीन तास खपून सजवलेलं, आणि तू आपला बैलासारखा! जरा दम धरवत नाही?" तो गाडी चालवत राहायचा. "भूक लागली होती," एवढंच म्हणायचा. पण घरी त्याने हे सॅलड कधी मागून खाल्लं नव्हतं. कांदा त्याला सोसायचा नाही. रात्रभर छातीत जळजळायचं.

हे दोन्ही तिला ठाऊकच होतं. फक्त दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून तिने आजवर कधी पाहिल्या नव्हत्या. हातातलं रिकामं ताट तिला एकदम जड झालं.

रांगेत तिचा नंबर आला. वाडग्यापाशी तिने चमचा उचलला. एकदाच घालायचा, बस. वाट मोकळी होईल. मागून कुणीतरी ओळखीचं म्हणालं, "काय आर्डिस, बरी आहेस ना?" तिने चमचा होता तसा उपडा ठेवला. आपल्याच हातचं आपणच वाढून घ्यायचं, म्हणजे दारोदार फिरून कौतुक मागण्यासारखं. तिने ब्रेड घेतला आणि पुढे गेली.

टेबलावर व्हर्जिल तिच्यासमोर बसला. त्याच्या ताटात जेली थरथरत होती.

"तुझं सॅलड पाहिलं," तो म्हणाला. "अगदी चित्र काढल्यासारखं. मोडवत नाही बघ."

"मोडायलाच असतं ते, व्हर्जिल."

"ते खरं," तो म्हणाला, आणि ताटात पाहून खाऊ लागला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ओरिन असता तर..." आणि कॉफीचा कप जवळ ओढला. दोघांनी कॉफी प्यायली.

दोन वाजता आवराआवर सुरू झाली. जनेल टेबलापाशी आली, तिने काचेचा वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि क्षणभर तशीच उभी राहिली. वाडगा कडेपर्यंत भरलेला होता. ओंबीचा एक दाणाही हलला नव्हता. इतक्या लांबूनही आर्डिसला ते स्पष्ट दिसलं. मग जनेल आत गेली आणि तिने खांद्याने स्वयंपाकघराचं दार लोटलं.

दार बंद झालं. आत आता काय चाललं असेल हे आर्डिसला न बघताच कळत होतं. आधी ड्रेसिंग खरवडायचं, ते काचेला चिकटतं. मग गरम पाणी. चिकटपट्टी भिजू द्यायची नाही, तळाशी ओलं बोटसुद्धा लावायचं नाही, म्हणून वाडगा तिरका धरावा लागतो आणि मनगट दुखतं. हेही तिनेच शिकवलं होतं.

तिने कोट घातला. बटणं लावली, एक चुकलं, पुन्हा काढून लावली. कौल लागला होता. संध्याकाळी क्रेगला 'हो' म्हणायचं, पडदे कुठलेही चालतील म्हणायचं.

"आर्डिस!"

जनेल तिच्यासमोर उभी होती. तिची बाही कोपरापर्यंत ओली होती. हातात लखलखीत वाडगा, त्यात घडी घातलेलं फडकं.

"एक घास उरला नाही बघा," जनेल हसतमुखाने म्हणाली. "लोकांनी चाटूनपुसून खाल्लं."

पोरीचा आवाज जराही कापला नव्हता. शिकवलेलं तिने चोख उचललं होतं.

आर्डिसने वाडगा घेतला. काच अजून कोमट होती. तिने तो कलता करून तळ पाहिला. पट्टी कोरडी होती. ओरिन आणि आर्डिस हाउगन. तिने वाडग्याकडे पाहिलं, मग जनेलकडे पाहिलं, आणि असं पाहताना तिला नव्वदीची हुल्डा लोकेन आठवली. अशीच, आधी भांड्याकडे आणि मग माणसाकडे पाहणारी. म्हातारीला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. नऊही वर्षं. तिला हसणाऱ्या बायांचे आवाज दाराबाहेर ऐकूही येत असतील. तरी ती बीट उकडत होती, हेरिंग चिरत होती, मोठं भांडं शोधत होती, कारण नाहीतर तिने रविवारी जायचं कुठे?

आर्डिसला आत कुठेतरी फार लागलं. ती वाडगा छातीशी धरून उभी राहिली. तळघर जवळजवळ रिकामं झालं होतं.

"मग पुढच्या वर्षी जरा जास्तच करते, पोरी," ती म्हणाली.

जनेलचं हसू जागच्या जागी थांबलं. हा किस्सा तिला तोंडपाठ होता. तिचे कान लाल झाले आणि तिने नजर खाली वळवली.

"पुढच्या वर्षी?" ती हळूच म्हणाली. "म्हणजे तुम्ही अ‍ॅरिझोनाला..."

"नाही जात." हे आपल्या तोंडून निघालं याचं आर्डिसलाच नवल वाटलं. ती जिन्याकडे वळली, दोन पायऱ्या चढली आणि थांबली. हुल्डाने नऊ वर्षांत जे कधी मागितलं नव्हतं, ते मागायला तिला बराच वेळ लागला. आमच्याकडे असं कुणी मागत नाही.

"जनेल," ती मागे न बघता म्हणाली, "पुढच्या वर्षी तू रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी राहशील? आणि चमचा अगदी तळापर्यंत घाल. ओंबी मोडली तर मोडू दे."