हरिहरपासून कोळवणपर्यंत

कोळवणच्या खोऱ्यातली भातझोडणी उरकली आणि मी नि माझा शेजारी येसाजी सायकलींवरून कन्याकुमारीला निघालो. साल अठ्ठावन्न. येसाजीच्या आईला, तानूबाईंना, कन्याकुमारी साताऱ्याच्या जरा पलीकडं वाटत होती. त्यांनी तांदळाच्या भाकरी बांधून दिल्या.

बेळगावपर्यंत गाणी म्हणत गेलो. हरिहर सोडलं आणि मुलूख बदलला. डोंगर नाही, ओढा नाही, बोली कळेना. रस्ता सरळ, वारा तोंडावर. कितीही पायडल मारा, समोरचं झाड तेवढंच लांब.

दुपारी येसाजी एका बाभळीखाली बसला तो उठेचना.

"पाय दुखत्यात का रं?"

"पाय बरं हायेत. मनच फिरलंय, वाल्म्या. मी काय फुडं येत न्हाई."

माझीही गत निराळी नव्हती. उगाच म्हणालो, "बरं, मंग घरीच जाऊ. हे बघ, पुण्याचं कोथरूड सोडलं, आता कोळवणचीच वाट. चल."

मी सायकलवर टांग टाकली. थोड्या वेळानं मागून त्याच्या साखळीचा आवाज आला.

"भुकूम आलं," मी म्हणालो. "आता पिरंगुटचा उतार."

"आधी चढ हाय की! खिंड इसरलास व्हय?"

मग त्या सपाट माळावर आम्ही दोघं उभं राहून पायडल मारत खिंड चढलो. पौडात ओळखीच्या हॉटेलवाल्या हैबतरावांनी चहाला हाक मारली. उशीर होईल म्हणून येसाजीनंच नको म्हटलं. पुढं कोळवणच्या रस्त्याला तो कुणाचं भाताचं खाचर कुठं ते सांगत राहिला. आंबेमोहराचा वाससुद्धा आला म्हणाला.

"आय दारातच हुबी हाय," तो म्हणाला आणि जोरात पायडल मारू लागला. मीही खाली मान घालून त्याच्या मागं रेटत राहिलो. मान वर केली तेव्हा चित्रदुर्गाचे डोंगर उन्हात तांबूस दिसत होते.

येसाजीनं डोळे पुसले. "घर बघून झालं. आता खुशाल फुडं जाऊ."

कन्याकुमारीला तो गुडघाभर पाण्यात कितीतरी वेळ उभा होता. "लई मोठं हाय," एवढंच म्हणाला, "पर भ्या वाटत न्हाई."

परतीला सायकली रेल्वेत टाकल्या. पुढं येसाजी शेतीत अडकला, मी नोकरीत. एवढ्या लांब पुन्हा जाणं झालं नाही. पण सणावाराला भेटलो की कुणीतरी एक जण त्या प्रवासाचा विषय काढायचाच, आणि गप्पांत जेवणं तशीच राहायची.