माशांची यादी विकायची नाही

मित्रांनो, मला हातात धरता येत नाही, घडी घालून खिशात ठेवता येत नाही आणि रद्दीत घालून माझे चार पैसेही येत नाहीत. मी विस्कॉन्सिनमधल्या ब्रँट लेक या लहानशा गावाचे, ई-मेलवर येणारे जुने बातमीपत्र आहे. जुने म्हणजे सहा वर्षांचे. पण माझी बहुतेक भावंडे वर्षाच्या आतच गप्प होतात, तेव्हा मला म्हातारा म्हणायला हरकत नाही.

माझा जन्म मॅरेन टॉलफसनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. गावचे छापील साप्ताहिक बंद पडले आणि तिथली तिची नोकरी गेली. "आता गावात कोण गेलं ते कळायला आम्ही दवाखान्यात चकरा मारायच्या की काय?" शेजारच्या डोलोरेस वॉयचिकबाईंनी तिला सुनावले. पुढच्या गुरुवारी सकाळी मॅरेनने मला लिहिले आणि ओळखीच्या मूठभर लोकांना पाठवून दिले.

तळ्यावरचा बर्फ कुठे पातळ झाला, शाळेची बस कुठून वळवली, कोणाचे कुत्रे हरवले, असे सगळे माझ्यात असे. पण खरे सांगतो, लोक मला उघडत ते माशांच्या यादीसाठी. शुक्रवारी संध्याकाळी बाहेर जाऊन तळलेला मासा खायचा, ही आमच्याकडची रीत कोणी मोडत नाही. कुठे कोणता मासा आहे, सोबत बटाट्याचे घावन मिळणार की नुसता पाव, हे मॅरेन दर आठवड्याला फोन करकरून विचारी. तिने एक युक्तीही केली. खानावळींत ताटाखाली जे कागद घालतात, त्यांवर तिने माझा पत्ता छापून घेतला. मासा येईपर्यंत लोकांना दुसरा उद्योग नसतो. ते फोन काढून आपले नाव नोंदवत. बघता बघता अर्धे गाव माझे वाचक झाले.

कौतुकाला तोटा नव्हता, पण कौतुकाने पोट भरत नाही. ईस्टरपर्यंत माझ्यावर घर चालू लागले नाही, तर दोन तासांवरच्या शहरात गोदामातली नोकरी धरायची आणि मला बंद करायचे, असे मॅरेनने ठरवले होते. माझ्या डोक्यावरच्या चौकटीत जाहिरात द्या म्हणून ती दारोदार फिरली. "छापील असतं तर दिली असती. हे काय, हवेतलं!" असे ऐकून परत येई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघे. अखेर गॉर्डी पेल्की या खानावळवाल्याने ती चौकट घेतली आणि घरभाडे सुटू लागले.

मग ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ आला; त्यात शुक्रवारी मांस वर्ज्य, पण मासा चालतो. त्या दिवसांत चर्चच्या तळघरातही दर शुक्रवारी डोलोरेसबाई आणि त्यांच्या मैत्रिणी मासा तळतात. जी मिळकत होते तिच्यातून गरजूंच्या घरात, घर उबदार ठेवणाऱ्या शेगडीचे तेल भरतात. गॉर्डी तणतणत आला.

"पैसे मी द्यायचे आणि गिऱ्हाईक तू तळघरात धाडायचं?"

"यादीत सगळेच फुकट असतात, गॉर्डी. तूसुद्धा. पैसे चौकटीचे आहेत."

"मग ठेव तुझी चौकट तुझ्यापाशी! ईस्टरपर्यंत चर्चचं नाव गाळ, नाहीतर मी चाललो."

मॅरेनने ती ओळ गाळली. मी एक ओळ कमी घेऊन गावभर गेलो, आणि मित्रांनो, मला फार लाज वाटली.

यादीत नाही म्हणजे या शुक्रवारी चर्चमध्ये मासाच नाही, असे गावाने धरले. शनिवारी सकाळी डोलोरेसबाई मोठे ताट घेऊन दारात उभ्या.

"घे, खा. गाव आलं नाही, तू तरी खा."

"डोलोरेसबाई, मी..."

"काही सांगू नकोस. गॉर्डीकडची रांग पाहिलीय मी. बटाटे किसून बोटं सोलली आमची! आणि त्या म्हाताऱ्या ॲल्माच्या घरातलं तेल संपलंय, ते आता तू भरणार?"

मॅरेन रडली. मग तोंड धुऊन तिने गॉर्डीला फोन लावला.

"तुझी चौकट काढली. माझी यादी विकायची नाही."

"डोकं फिरलंय का तुझं? खाशील काय?"

"मासा. भरपूर उरलाय."

त्याच दुपारी तिने मला पुन्हा पाठवले. काय घडले ते माझ्यात सरळ लिहिले होते. चौकट विकत मिळेल, यादी कधीच नाही. आणि मी हवा असेन तर प्रत्येकाने महिन्याला थोडे द्यावे, नाहीतर ईस्टरनंतर मी नसेन. इतक्या ताठ मानेने मी कधी कोणाकडे गेलो नव्हतो. काहींनी मला तिथेच सोडले. बर्फ उपसणाऱ्या लेलँडने कळवले, "देतो, पण कुत्र्यांच्या बातम्या आवर." मग दुसऱ्याने दिले, तिसऱ्याने दिले. पुढच्या शुक्रवारी चर्चची रांग जिन्यावरून थेट रस्त्यावर आली आणि ॲल्माच्या घरात तेल भरले गेले. ईस्टरच्या आदल्या दिवशी मॅरेनने गोदामात फोन करून येत नसल्याचे सांगितले.

गॉर्डी अजून फुगलेलाच आहे. पण उपासाच्या दिवसांत दर गुरुवारी मला सर्वांत आधी तोच उघडतो, आणि चर्चमध्ये कोणता मासा आहे ते पाहतो.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखे कोणी असेल. त्याला नुसते 'छान' म्हणून सोडू नका. ते चुकले तर दार वाजवून सुनावा, आणि टिकावे असे वाटत असेल तर त्याच्या खर्चाला हातभार लावा. ते बंद पडले, तर आपल्या शेजारी कोण थंडीत बसले आहे, हे तुम्हाला कळणारही नाही.