धर्माजीचा पॉवर सप्लाय

माझ्या हातची वस्तू बिघडली असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. बोईसरच्या कारखान्यांत तीस वर्षं मीटर आणि कंट्रोल पॅनल दुरुस्त केली, त्याचा हा माज. म्हणून धर्माजी तांडेलचा तिसऱ्यांदा फोन आला, "पुंडलिक, तुझा डबा परत बंद पडला रे," तेव्हा मी अर्ध्या जेवणावरून उठलो आणि तणतणत केळव्याला निघालो.

बोटीवर पडून धर्माजीची कंबर मोडली, त्याला सात वर्षं झाली. खाटेवरून उठता येत नाही. मीच त्याला हॅम रेडिओची, म्हणजे घरबसल्या बिनतारी बोलायच्या छंदाची, परीक्षा द्यायला लावली, जुना रेडिओ मिळवून दिला आणि त्याला लागणारा पॉवर सप्लाय स्वतः बांधला. घरातली वीज घ्यायची आणि रेडिओला बरोबर तेरा पॉइंट आठ व्होल्ट द्यायचे, एवढंच त्या डब्याचं काम. रोज सकाळी साडेसातला राज्यभरचे हॅम एका फ्रिक्वेन्सीवर जमतात, त्याला आम्ही नेट म्हणतो. त्या अर्ध्या तासासाठी हा माणूस दाढी करतो, असं त्याची बायको, जमनावहिनी, सांगायच्या. समुद्र सुटला, दोस्त यायचे बंद झाले. त्याला उरलं होतं ते एवढंच.

धर्माजी माइकचं बटण दाबून बोलायला लागला की डब्याचा फ्यूज उडायचा. कारण मला लगेच कळलं. व्होल्टेज पंधराच्या वर गेलं तर मुद्दाम फ्यूज उडवून रेडिओ वाचवणारं एक सर्किट मी आत बसवलं होतं. अँटेना खिडकीलाच, त्यामुळे तिच्या लहरी आत शिरून त्या सर्किटला फसवत होत्या. त्या लहरी अडवायला नखाएवढा एक कपॅसिटर लावला असता तर भागलं असतं. तो बोईसरला घरी राहिला होता. पुन्हा एवढ्या लांब कोण हेलपाटा घालणार? मी कटर काढला आणि त्या सर्किटची वायर तोडून टाकली.

"काय तोडलंस?" धर्माजीने विचारलं.

"तुझी कटकट तोडली, जादा व्होल्टेजच्या सर्किटची वायर. आता बोल खुशाल."

दोन महिने तो खुशाल बोलला. मग मे महिन्यातल्या एका दुपारी डब्यातला मुख्य ट्रान्झिस्टर तापून शॉर्ट झाला आणि आतले चोवीस व्होल्ट सरळ रेडिओत घुसले. अडवणारं सर्किट मीच तोडलेलं. मी पोचलो तेव्हा खोलीत जळका वास होता आणि धर्माजी भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"लाईट सारकी येत-जात होती," जमनावहिनी म्हणाल्या. "त्यानंच जळला काय, भावजी?"

"त्यानंच," मी म्हणालो. इतकं सोपं होतं ते.

मन खात होतं. आठवड्याभराने मी माझा स्वतःचा रेडिओ नेऊन त्याला दिला. डबा दुरुस्त केला, तोडलेली वायर गुपचूप जोडली, कपॅसिटरही लावला. धर्माजीला रडू आलं. नेटवर सगळ्यांनी माझे गोडवे गायले. माझ्याकडे आता फक्त ऐकण्यापुरता एक जुना रिसीव्हर उरला होता, त्यावर मी ते रोज ऐकायचो. खरं सांगतो, बरं वाटायचं. त्याचीच आज किळस येते.

परवा सकाळी नेटवर किंजल आली. पालघरची कॉलेजातली मुलगी, लायसन्स नुकतंच मिळालेलं. "काका, मी बोलायला लागले की माझ्या सप्लायचा फ्यूज उडतो."

"सोपं हाय," धर्माजी म्हणाला. "आत जादा व्होल्टेजचं सर्किट असल, त्याची वायर तोड. माझ्या डब्याची पुंडलिकनं तोडलीय, काय पण होत नाय. पुंडलिक मंजे देवमाणूस."

मी रिसीव्हरवर ओरडलो. रिसीव्हरवर ओरडून काय होणार! फोन लावला, तो वहिनींनी उचलला. "त्याला म्हणावं, वायर तोडू नको असं तिला सांग. आत्ताच्या आत्ता."

मागून धर्माजीचा आवाज आला, "का? आपली तर तोडलीय ना?"

आणखी एक खोटं जिभेवर तयार होतं. "वहिनी, फोन त्याच्या कानाला लावा," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं.

मग समोरच्या रिसीव्हरमधून त्याचा आवाज आला. "किंजल, वायर तोडू नको. तोडलीस तर रेडिओ जळल. मी चुकीचं सांगितलं." माझं नाव त्याने घेतलं नाही.

मग फोनवर म्हणाला, "तुझा रेडिओ घेऊन जा."

"अरे धर्माजी, रेडिओवर कशाला राग..."

"तीन महिने मी लाईटवाल्यांना शिव्या दिल्या, तुला देव बोललो. तू ऐकत होतास. आता तुझ्या रेडिओवर मी काय बोलू? घेऊन जा."

संध्याकाळी गेलो. वहिनींनी रेडिओ टॉवेलात गुंडाळून ओट्यावर ठेवला होता. आत या म्हणाल्या नाहीत.

आज सकाळी माझा रेडिओ माझ्या टेबलावर जोडलेला होता. नेटवर हजेरी झाली. धर्माजीचं नाव दोनदा पुकारलं, तिसऱ्यांदाही पुकारलं. मग कोणीतरी विचारलं, "पुंडलिककाका, तुम्ही ऐकताय का? धर्माजी का येत नाहीत, तुम्हाला काही ठाऊक?"

माइक माझ्या हातात होता. मी बटण दाबलं नाही.